ग्रहणातली कुयरी

प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. सहदेवनं आधी काय केलं असेल, तर दारातून मान बाहेर काढून बाकावर बसलेल्या बायकांकडे पाहिलं. ट्रे कुणी पाडला, त्यात कुणाचं रक्त होतं, बाटल्या फुटल्या का, यातलं काहीच त्याच्या मनात आलं नाही. कोण दचकलं, एवढंच त्याला पाहायचं होतं. गेली दोन वर्षं त्याला ही खोड लागली होती. दार आपटलं, एस्टीनं हॉर्न वाजवला, कुणी मोठ्यानं शिंकलं, की याची नजर आसपासच्या एखाद्या लहान पोराकडे जायची आणि पोर शांत असलं की यालाच सुटल्यासारखं व्हायचं. आज बाकावर लहान पोर नव्हतं. तिसऱ्या जागी त्याची बहीण प्रेमला बसली होती, सहावा महिना लागलेली, मांडीवर गरोदरपणाचं कार्ड. बाकीच्या दोघी बायका ‘आई गं’ म्हणून उडाल्या, प्रेमला हलली नाही. तिनं फक्त पोटावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग भावाकडे पाहून तिनं विचारलं, “आला काय रे दादा, रिपोट?” “नाही अजून. डॉक्टर यायचेत,” तो म्हणाला आणि आत वळला. डॉक्टर यायचे होते हे खरं होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काच तयार होती, सकाळपासून टेबलावर वाळत पडली होती, आणि तिच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यानं स्वतःच्या हातानं नंबर घातला होता. नाव घालायला हात धजला नव्हता.

नाव सुगत. प्रेमलाचा मुलगा. नाव सहदेवनंच ठेवलं होतं, बौद्धवाडीत तेव्हा ते कुणी ऐकलेलंही नव्हतं. जानेवारीत, अडीच वर्षांचा होऊन, तो याच दवाखान्याच्या लहान मुलांच्या वॉर्डात गेला. त्याचा मेंदू काढून घेऊ द्या असं सहदेवच म्हणाला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांना पोराला दहाव्या महिन्यात एकदा दाखवलं होतं, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की दोनांतलं एक असणार. एक तर पोटात असतानाच मेंदूची घडण बिघडली, नाही तर हा साठवणीचा रोग, म्हणजे पेशींत नको ते साठत जातं. डोळ्यांच्या तळाशी लाल ठिपका दिसतोय असंही वाटतं आणि नाहीसंही, पोर डोळे ठरू देत नाही. खात्रीनं काय ते मेंदूच सांगेल, पण तो जिवंतपणी कसा विचारायचा? म्हणून मेल्यावर विचारायचा. सहदेवनं मेव्हण्याचे पाय धरले. महिपत हा त्याचा मेव्हणाही आणि सख्खा आतेभाऊही, मुंबईला गोदीत कामाला, तारेवर धावत आलेला. त्यानं कागदावर सही केली. महिपतची आई, म्हणजे आते, मात्र वॉर्डाच्या दारात उभी राहून सगळ्यांसमक्ष बोलली, “आधी पोटात असताना त्याचा घात केलास, आता मेल्यावर पण सोडत नायस.”

ते ‘पोटात असताना’ सहदेवच्या मानेवर बसलं होतं. सोळा फेब्रुवारी ऐंशी. खग्रास ग्रहण खाली कर्नाटकात होतं, रत्नागिरीला सूर्याची थोडकी फोड उरली होती, पण दुपारी साडेतीनच्या पुढे अंगणातला उजेड असा काही पिवळटला की कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. रस्ते ओस, एस्ट्या रिकाम्या, दारं बंद. फक्त सहदेवच्या घराचं दार सताड उघडं होतं, कारण त्या घराला ग्रहणाशी जुनं भांडण होतं. त्याचा आजा, म्हणजे त्याच्या बापाचा, भागोजीचा बाप, ग्रहण लागलं की पाटी डोक्यावर घेऊन गावातून हिंडायचा, ‘दे दान, सुटे गिराण’ ओरडत, आणि लोक वरून पाटीत पसा-पसा टाकायचे. भागोजी लहानपणी ती पाटी धरायचा. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, देव्हारा खाडीत नेऊन सोडला आणि बायकोला सांगितलं, यापुढे ग्रहण लागलं की आपल्या घरी चूल पेटायची, भाजी चिरायची, पोटभर जेवायचं. इतर घरी सण असतात तसा यांच्या घरी ग्रहणाचा दिवस. चंद्राचं असो, सूर्याचं असो, भागोजीच्या हयातीत एक चुकलं नाही. बाप गेल्यावर तो नेम सहदेवकडे आला, आणि शिकलेला असल्यामुळे त्यानं तो बापापेक्षाही कडक पाळला. त्या दिवशी प्रेमला माहेरी आलेली, चौथा महिना. सहदेवनं बाजारातून फणसाची कुयरी आणली होती, पहिल्या तोडीची, कोवळी. विळी मांडली, चिकासाठी तेलाची वाटी शेजारी ठेवली आणि बहिणीला म्हणाला, “बस. बघूया कोण कुणाला खातंय.” प्रेमला विळीकडे आणि आईकडे पाहत राहिली. “घाबरलीस काय? बाबा असते तर?” असं तो म्हणाला. बापाचं नाव काढल्यावर ती बसली. तिनं हाताला तेल लावलेलं त्यानं पाहिलं आणि तो एक्स-रेची काळी फिल्म घेऊन अंगणात गेला. वाडीतल्या चार लोकांना त्यानं त्या फिल्ममधून कोर झालेला सूर्य दाखवला, सावली म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आत आला तर कुयरी चिरून शिजत होती. ती भाजी त्यानं दोनदा मागून घेतली. शिवाय आठवड्याभरानं आतेच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर, ‘माझ्या बहिणीनं ग्रहणात कुयरी चिरली’ म्हणून छाती फुगवून सांगितलं. आतेनं पदर डोक्यावर ओढून घेतला होता.

सुगत जुलैत झाला. गोरा, गुटगुटीत, आणि कान काय तिखट! दोन महिन्यांचा असताना भांड्याला चमचा लागला तरी दोन्ही हात फाकून दचकायचा. घरात कौतुकच झालं. हा मोठेपणी पोलीस होणार, याला झोपेतही चोर कळेल, असं आते म्हणायची. पाहुणे आले की सहदेव त्याच्या उशाशी जाऊन टाळी वाजवायचा, पोर उडायचं, सगळे हसायचे, की पुन्हा टाळी. कितीदा वाजवली असेल? शंभरदा? त्या टाळ्या आता कधीही ऐकू यायच्या, आंघोळ करताना, सायकलवर असताना, आणि त्याला आपले तळवे कुठे तरी घासून काढावेसे वाटायचे. इतर पोरं मोठी होतात तसं दचकणं सोडतात. सुगतचं वाढत गेलं. सहाव्या महिन्यात बसायला लागला होता तो आठव्यात पुन्हा लवंडला. ओळखीचं हसणं गेलं, मान गेली, डोळ्यांतलं पाहणं गेलं. दीड वर्षानंतर डोकं तेवढं वाढत राहिलं. शेवटी एक दचकणं त्याच्यापाशी उरलं होतं. प्रेमलानं घरातली भांडी पोत्यावर ठेवायला सुरुवात केली, दाराच्या कडीला चिंधी बांधली, कोंबडा विकून टाकला. आणि आतेनं ग्रहण काढलं. चौथ्या महिन्यात गिराणात चिरलं, पोराचा मेंदू चिरला. बोलायला साधं, ऐकायला साधं, वाडीतल्या वाडीत दोन दिवसांत सगळ्यांना पटलं. प्रेमला एक शब्द बोलली नाही. सहदेवच बोलला, सावल्यांचं शास्त्र पुन्हा सांगितलं, आणि घरी येऊन ताट सारून दिलं.

कारण त्यानं पुस्तक उघडलं होतं. प्रयोगशाळेच्या डॉक्टर खातूंच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक, त्यात मेंदूच्या घडणीचा पाठ. मेंदूच्या पेशी जिथं जन्मतात तिथं राहत नाहीत. आतून बाहेर चालत जातात, थरावर थर लावत, आधीच्यांना ओलांडून नंतरच्या वर जाऊन बसतात. ती वाट चुकली की थर विस्कटतात, मेंदूवरच्या वळ्या नीट पडत नाहीत, पोर असं होतं. आणि हे चालणं कधी घडतं? तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. सहदेवनं ती ओळ बोटाखाली धरून ठेवली होती. ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, उजेड कमी झाला म्हणून पेशी वाट चुकत नाहीत हेही ठाऊक होतं. पण त्या दुपारी अंगणात तो सूर्य दाखवत होता तेव्हा आत, विळीपासून वीतभर अंतरावर, त्या पेशी चालत होत्या. नेमक्या तेव्हाच. बुद्धी म्हणायची योगायोग, आणि तो पुन्हा महिने मोजायला बसायचा. आजा हसत असेल, असंही त्याला एकदा वाटून गेलं आणि त्या वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं बापाच्या फोटोकडे दोन दिवस पाहिलं नाही.

म्हणून तो साठवणीच्या रोगाची वाट पाहत होता. हे त्यानं मनातल्या मनात सुद्धा या शब्दांत कधी म्हटलं नव्हतं, पण आज काच वाळत असताना ते टाळता येईना. साठवणीचा असला तर घडण चांगली होती. म्हणजे चौथ्या महिन्यात काही बिघडलं नव्हतं. म्हणजे कुयरी नाही, विळी नाही, सहदेव नाही. पण साठवणीचा असला तर तो रक्तातून येतो, आईबापांच्या दोघांच्याही रक्तातून, आणि बाहेर बाकावर प्रेमलाच्या पोटात दुसरं होतं. एकाच वेळी त्याला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळण्यासारखं नव्हतं. प्रेमलाला हे काही माहीत नव्हतं. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, की हे नीट होईल ना. त्यासाठी ती चार वेळा एस्टीनं येऊन गेली होती, इंजेक्शनचं निमित्त काढून.

काम सगळं त्यानं केलं होतं. मेंदू बादलीत ठेवला तर स्वतःच्याच वजनानं खालून चपटा होतो, म्हणून तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो फॉर्मालिनमध्ये उलटा टांगायचा, हे त्यानं मुंबईच्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकून घेतलं होतं. इथं दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. दोरा ओवताना हात थरथरला नाही, याचंच त्याला नंतर भय वाटलं. तीन आठवडे रोज सकाळी तो बादलीवरचं झाकण उचलून पाहायचा. मग डॉक्टर खातूंनी सुरीनं काप केले, म्हणाले, “वळ्या जरा रुंद वाटतात मला. पण वाटण्यावर जायचं नाही.” वळ्या रुंद म्हणजे घडण बिघडलेली का, हे सहदेवनं विचारलं नाही, त्यानं काप उचलून घेतले. पुढे स्पिरिट, मेण, ठोकळा, मशीनच्या पात्यावर निघणारी कांद्याच्या सालीहून पातळ पट्टी. अंड्याचा पांढरा बलक काचेवर बोटानं चोळून त्यावर ती पट्टी चिकटवायची. रंग द्यायचे, निळा आणि गुलाबी. त्यानं आजवर अशा हजारो काचा केल्या असतील आणि नियम एकच होता. टेक्निशियननं काच करायची, वाचायची नाही. डॉक्टर खातू कोर्टाच्या साक्षीला गेले होते, दोनशिवाय येणार नव्हते. दहापासून वीज नव्हती. सहदेवनं सूक्ष्मदर्शक उचलून खिडकीशी नेला आणि खालचा आरसा उन्हाकडे वळवला. मार्चचं ऊन आरशावरून उडून थेट डोळ्यांत आलं. हाच तो सूर्य, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं काच ठेवली.

आधी नुसता गुलाबी धूर. त्यानं बोटानं चाक फिरवलं आणि धूर निवळला. थर दिसले. एकावर एक, जागच्या जागी, वरचा पातळ, खाली दाट, पुढे विरळ, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे. त्यानं मोठी भिंगं लावली. निरोगी पेशी तिकोनी असते, टोक वर काढून उभी, मधोमध केंद्र. इथं तिकोन कुठेच नव्हता. सगळ्या गोल होत्या, फुगलेल्या, फिकट, आणि प्रत्येकीचं केंद्र एका कडेला रेटलेलं. त्यानं काच सरकवली. तिथंही तशाच. पुन्हा सरकवली. जिथं पाहावं तिथं तेच, एक पेशी सुटलेली नाही. वाट एकीचीही चुकली नव्हती. आपापल्या जागी जाऊन व्यवस्थित बसल्या होत्या आणि बसल्या जागी फुगत गेल्या होत्या. “सुटलो,” सहदेव म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, कारण खोलीत कुणी नव्हतं. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला मात्र, त्याला पाटी डोक्यावर घेतलेला आजा दिसला, सुटे गिराण, सुटे गिराण. भाच्याच्या मेंदूतल्या पेशी फुटायला आलेल्या पाहून त्याला आनंद झाला होता. खरा, पोटभर आनंद. तो स्टुलावरून उठला, नळाखाली हात धरले, बराच वेळ धरले.

डॉक्टर खातू आले तेव्हा सव्वादोन झाले होते. कोट न काढताच ते भिंगाशी बसले. “आरसा कुणी वळवलाय हा? पाहिलीस तू काच?” “हो, सर.” ते रागावले नाहीत. बराच वेळ काच इकडून तिकडे फिरवत राहिले, मग चष्मा काढून म्हणाले, “घडण उत्तम होती रे याची. माझं ते वळ्यांचं बोलणं चुकलं. पोर अगदी नीट घडलं होतं. पेशीनं जे मोडून टाकायचं ते मोडता आलं नाही, ते साठत गेलं. मुंबईला फॉर्मालिनमधला तुकडा पाठवलायस ना? नेमकं काय साठलं ते त्या सांगतील. आपल्या काचेत ते दिसायचं नाही, स्पिरिटात ती चरबी धुऊन जाते. आपल्याला नुसती भरून गेलेली जागा दिसते.” मग त्यांनी विचारलं, “आईबाप नात्यातले?” “आत्याचा मुलगा,” सहदेव म्हणाला. “म्हणजे आजोबा किंवा आजी. त्यांच्यापैकी एकाकडून दोन्ही घरांत उतरलं. ज्यांच्याकडे एकेरी असतं त्यांना काही होत नाही. दोन्हीकडून आलं की हे. दर खेपेला चारात एक.” “पोटात असताना कळतं?” “इथं? नाही. परदेशात पाहतात म्हणे. सहावा म्हणालास ना तिला? कळून तरी काय करणार होतो आपण.” डॉक्टर भले माणूस. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या आजा-आजीकडून वारशात गुंठाभर जमीन आली नाही, एक तांब्या आला नाही, त्यांच्याकडून हे मात्र दोन्ही घरांत नेमकं पोचलं होतं. आते विळीला दोष देत होती, आणि कदाचित ते तिच्याच अंगातून आलं होतं, तिच्या पोरात, आणि भागोजीच्या अंगातून प्रेमलात. कदाचित सहदेवच्याही अंगात एकेरी बसलेलं असेल, कोण जाणे. त्यानं काच पेटीत उभी लावली.

बाकावर प्रेमला एकटीच उरली होती. साडेतीनच्या गाडीनं जायचं म्हणून तिनं पिशवी बांधून ठेवली होती. सहदेव तिच्या शेजारी बसला. काय आधी सांगायचं हे त्यानं ठरवलं होतं. जे चांगलं आहे ते आधी. “प्रेमला, रिपोर्ट आला. ग्रहणानं झालं नाही ते. विळीनं नाही. पोटात असताना सुगत अगदी ठीक होता, डॉक्टर स्वतः म्हणाले, घडण उत्तम होती. मी आज आतेला येऊन सांगतो, वाडीला सांगतो.” ती पुढे पाहत होती. रडेल, सुस्कारा टाकेल, ‘बघ, मी काय म्हणत होते’ असं काही म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, “ठावं हाय मना.”

“काय ठावं?”

“मी चिरली नव्हती रे कुयरी.” तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “तू अंगणात गेलास ना, आवशीनं माझ्या हातातनं घेतली. बोलली, तू माजघरात जा, हातपाय सोडून गप पडून राहा, कशाला शिवू नको, ह्याला काय सांगू नको. मी पडून राहिली, सुटेपरत. तेल तसाच हाताला. चिरली ती आवशीनं. बाबांच्या वेळी पण तीच चिरायची, पण आम्ही दोघा पोटात असताना जी गिराणा झाली, त्यात शेजारची गंगा येऊन चिरून जायची. बाबांना कवा कळलंच नाय.”

 आई गेल्या वर्षी गेली होती, तिला विचारता येणार नव्हतं. कारण नसताना आपण दोन वर्षं हे वाहिलं, असं सहदेवला वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला डोळ्यांसमोर ती दुपार दिसत होती, आपण बाहेर सूर्य दाखवत असताना आत दार लोटून काळोखात उताणी पडलेली बहीण. “मग बोलली का नाहीस? आते इतकं बोलत होती तुला. मी…”

“काय बोलू? आते खरा मानणार होती? आणि तू तिकडे छाती काढून सांगून आलेला. तुझा पाणउतारा करू?” मग तिनं कार्डाचं टोक दुमडलं, उलगडलं. “आणि दुसरा एक होता. सगळे बोलत होते ना चिरल्यामुळं, तर मी पण कधीकधी धरून चालायची, चिरली असंल म्हणून. बरा वाटायचा.”

“बरं वाटायचं?”

“मंग काय. माझं काय तरी चुकलं असंल, तर या खेपेला चुकू देणार नाय.” तिनं आता त्याच्याकडे पाहिलं. “पण मी तर सगळा पाळला होता, दादा. तरी झाला. म्हणून तुला चार खेपा विचारायला आली. ह्याला मी काय पाळू ते सांग.”

चारात एक, हे त्याच्या तोंडात आलं होतं. चारांतले तीन चांगले, असंही ते सांगता आलं असतं, त्यानं तशी जुळवाजुळवही केली होती. त्यानं सांगितलं. दोन्ही सांगितलं, आधी तीन, मग एक. कुणाकडून आलं तेही सांगितलं. पाळण्यासारखं काही नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, बाजारात भाव ऐकून घेताना हलवावी तशी. शेवटी म्हणाली, “मी चिरली असती तर बरा झाला असता.”

तेवढ्यात आतल्या खोलीत कुणी तरी पुन्हा एक ट्रे टाकला. फरशीवर आपटून तो खणखणत बराच लांब गेला. सहदेवनं या वेळी कुणाकडे पाहिलं नाही, त्यानं मान मुद्दाम खाली घातली. प्रेमलानं एकदम त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा तळवा, तोच टाळी वाजवणारा तळवा, आपल्या पोटावर दाबून धरला. आत काही तरी जोरात हललं होतं. पातळाखाली, कातडीखाली, त्याच्या हाताला स्पष्ट लागलं.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “ह्या नुसता हलला, का दचकला?”

साडेतीनची गाडी लागल्याचं कुणी तरी फाटकापाशी ओरडलं. त्यानं हात काढून घेतला नाही. पुन्हा हलतंय का ते पाहत तो तसाच बसून राहिला.